भिंगरीला घरी आणताना

७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकशील. फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते आहे. भिंगरीचे पाय कमरेपासून प्लॅस्टरमध्ये अडकलेत, पण कान मोकळे आहेत. मी फोन घेऊन खोलीबाहेर गेले की परत आल्यावर ती विचारते, मावशीला काय सांगितलंस. आणि तिच्या डोळ्यांत बघून मला खोटं बोलता येत नाही. कागदावर खरं लिहिता येतं, कारण तिला अजून वाचता येत नाही.

खरं असं आहे की मोठ्या डॉक्टरांनी परवा आम्हा दोघांना आत बसवून सांगितलं. कमरेच्या हाडातली गाठ कण्यापर्यंत पोचली आहे. आता औषध दिलं तर नुसते हाल वाढतील. खुब्याशी हाड मोडलं होतं म्हणून घातलेलं प्लॅस्टर तेवढं राहू द्यायचं, म्हणजे हलवताना कमी दुखेल. घरी न्या, म्हणाले. भिंगरीच्या बाबाने विचारलं, किती दिवस. डॉक्टरांनी महिने हा शब्द काढलाच नाही. आठवडे म्हणाले. हा उठून खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. पुढचं सगळं मीच ऐकून घेतलं.

आता तुझ्याकडे काम. इथली रुग्णवाहिका आमच्या डोंगरापर्यंत येत नाही, आणि ती पांढरी गाडी दिसली की भिंगरी अंग टाकून रडते. म्हणजे न्यायचं आपल्याच गाडीतून. तिला व्यायाम द्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या की मांडीवर घेऊन मुळीच जाऊ नका, मुलांच्या सीटमध्ये नीट बांधून न्या. पण बाजारातल्या नव्या सीटच्या कडा उंच असतात, त्यात प्लॅस्टरमधले फाकलेले पाय मावत नाहीत. मला तुझ्या ढब्बूची लहानपणची निळी सीट आठवली. तिच्या कडा बुटक्या होत्या आणि त्यावरून तू दुकानदाराशी भांडली होतीस. ती अजून आहे का? भावोजींनी माळ्यावर टाकून तिच्यावर पुस्तकं रचली असतील, तर त्यांना सांग की ज्ञानाला जरा बाजूला करा.

आईबाबा असते तर त्यांना हे कसं सांगितलं असतं, हा विचार आला. नाहीत हेच बरं, असं पहिल्यांदाच वाटलं.

कळावे. लोभ आहे तेवढा राहू दे, फक्त त्यात दया मिसळू नकोस.

तुझी,
धाकटी

•

१५ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र प्रयोगशाळेत खिशात घेऊन गेले होते. दुपारी वाचलं आणि मग संध्याकाळपर्यंत पाण्याचा एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासत बसले. शेवटी साहेबांनी बाटली हातातून काढून घेतली आणि घरी जा म्हणाले. जास्त लिहीत नाही. दया नको म्हणालीस, म्हणून हात आखडता घेतला आहे.

सीट आहे. माळ्यावरच होती आणि वर पुस्तकंच होती. भावोजींनी तिच्यासोबतचं माहितीपुस्तकही शोधून काढलं. तुला माहीतच आहे, या माणसाला गोळीच्या पाकिटातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचायची सवय. त्यांच्या मते निम्मं जग घाईने मरतं. हे वाक्य बोलून गेल्यावर तोंड धरून बसले होते बिचारे.

पाठवण्याआधी आमच्याच गाडीत बसवून बघितली. रविवारची अख्खी सकाळ त्यात गेली. ढब्बूच्या वेळी आपण काय बसवत होतो देव जाणे, नुसतं बकल लावून निघत होतो. आता नीट वाच आणि भिंगरीच्या बाबालाही वाचून दाखव. सीट मागेच लावायची, पुढे कधीच नाही. गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागच्या लाल खुणेच्या फटीतून ओवून बकलमध्ये लावायचा. मग एक गुडघा सीटमध्ये टेकवून अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा. पट्टा शेवटपर्यंत बाहेर खेचायचा आणि सोडायचा. आत जाताना तो टिकटिक करतो. तो आवाज आला की समजायचं, कुलूप लागलं, आता तो सैल होणार नाही. तसाच भार देऊन उरलेला ढिलेपणा काढायचा. सीटच्या डोक्यावरून निघणारा आणखी एक पट्टा असतो, तो मागच्या कडीत अडकवून आवळायचा. आम्ही आधी सीट वरून धरून हलवत होतो आणि ती हलली की एकमेकांवर चिडत होतो. पुस्तक म्हणतं, पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. तिथे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा जास्त सरकता कामा नये. मुलाच्या अंगावरचे पट्टे इतके घट्ट हवेत की खांद्यावर चिमटीत घडी येऊ नये. जाड स्वेटर आत नको, वरून पांघरूण घाल.

पट्टे मी धुतले नाहीत, ओल्या फडक्याने पुसले. साबणाने त्यांची ताकद जाते म्हणे. खोका तुमच्या घराच्या पत्त्यावर पाठवते, म्हणजे भिंगरीचा बाबा तिथेच गाडीत बसवून मग तुम्हाला घ्यायला येईल.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, पण दुसऱ्या कोणाकडून कळली तर तुला जास्त लागेल. मला दिवस गेलेत. तिसरा संपत आला. तुझ्या या दिवसांत हे सांगताना मला चोरी केल्यासारखं वाटतं आहे.

कळावे. दया गाळून बाकी सगळा लोभ पाठवते आहे.

तुझी,
ताई

•

२३ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचा खोका मिळाला. जिन्याखाली ठेवला आहे. अजून फोडलेला नाही. तो फोडू नये असं माझ्या मनात आहे आणि ते तुमच्या बहिणीला तुम्ही समजावावं म्हणून हे पत्र. आमचं याच्यावरून दवाखान्याच्या जिन्यात वाजलं आहे. मी जे बोललो ते तिने तुम्हाला लिहिलं नसेल. ती माझी घाण बाहेर टाकत नाही.

मी म्हणालो, जी वाचणारच नाही तिला कशापासून वाचवायचं? हे मी चिडून बोललो, पण शांतपणे विचार केला तरी तेच येतं. पाच तासांचा रस्ता आहे. आमच्या कामावरचे उस्ताद गाडी चालवायला तयार आहेत. ते माझे गुरू आहेत, त्यांच्याइतका सावध माणूस मी बघितलेला नाही. मी मागे बसून तिला मांडीवर घेईन. ताई, दुखणं सुरू झाल्यापासून मी तिला नीट उचललेलं नाही. कुठे धरावं तेच कळत नाही, हात लावला की ती ओठ चावते. पूर्वी मी कामावरून आलो की ती धावत येऊन पायाला लटकायची. आता प्लॅस्टरमुळे खालच्या अंगाचं दुखणं कमी आहे, तर एवढे पाच तास तरी मला मिळावेत. तिनेही विचारलं आहे की घरी जाताना बाबाच्या मांडीवर बसायचं ना. मी हो म्हणून बसलो आहे.

तुमच्या बहिणीला नियम पाळायचे आहेत. तिचा दिवस चष्म्याची भिंगं घासण्यात जातो, केसभर चूक झाली तरी तिला झोप येत नाही. पण ही भिंगं नाहीत. पोरीला शेवटच्या प्रवासात खुर्चीला बांधून न्यायचं, हे मला बघवणार नाही.

साडूभाऊंना नमस्कार. तुमची तब्येत सांभाळा, गोड बातमी कळली. आम्हाला आनंदच आहे, दाखवायची ताकद मात्र सध्या नाही.

कळावे. राग आला तरी लोभ तोडू नये.

आपला,
भिंगरीचा बाबा

•

२९ जानेवारी

चि. धाकट्या जावईबापूंस,
अनेक आशीर्वाद.

राग आला नाही.  तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही आणि येतं असं सोंगही मी करणार नाही. मनातून मी तुमच्याच बाजूची झाले होते. बहिणीला तसं पत्र लिहायलाही बसले होते.

तेव्हा तुमचे साडूभाऊ म्हणाले की आधी एक करून बघू. आम्ही गव्हाच्या पिठाचं पोतं घेतलं, साधारण भिंगरीच्या वजनाचं, प्लॅस्टर सोडून. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात गाडी नेली. हे माझ्या शेजारी पट्टा लावून बसले आणि पोतं मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून धरलं. हे जाडजूड आहेत, तुम्ही पाहिलंच आहे. मी चालवत होते. वेग सायकलवाला जोरात जातो तेवढाच. कधी ब्रेक लावणार हे ठरलेलं होतं, त्यांनी तयारीत राहायचं होतं. मी ब्रेक दाबला. पोतं त्यांच्या हातांत राहिलं नाही. समोर आदळून फुटलं आणि काचेवर, आमच्या केसांत, सगळीकडे पीठ झालं.

 एरवी यावर हे वर्गात मुलांना तासभर शिकवतील. त्या दिवशी घरी आल्यावर न्हाणीघरात किती तरी वेळ हात धूत होते. नंतर मला म्हणाले की मी सोडलं नव्हतं गं, ते माझ्याकडून ओढून नेलं.

जावईबापू, तिचे उरलेले आठवडे तुमच्या हातून सुटून गेले, तर तुम्ही कसे जगाल याची मला भीती वाटते. उस्तादांवर माझा विश्वास आहे. पण रस्त्यावर ते एकटे नसणार.

तुमचे पाच तास तुम्हाला मिळतील. सीट मागे एका बाजूला लावा, तुम्ही तिला लागून बसा, बहिणीला पुढे बसवा. हात हातात घ्या, डोकं तिच्या डोक्याला लावा, गोष्टी सांगा. तिला सांगा की मांडी घरी पोचल्यावर, आणि मग पोचल्यावर द्या. पलंगावर उशा रचून घेता येईल, व्यायामाच्या बाई दाखवतील.

मी सांगितलं म्हणून करू नका. तुम्हीच एकदा पोतं घेऊन बघा आणि मग खोक्याचं ठरवा.

कळावे. आमचा लोभ असा सहजी तुटणारा नाही.

तुमची,
ताई

•

६ फेब्रुवारी

प्रिय,

फोनवर तू दोनदा विचारलंस आणि मी विषय बदलला. हातात सांगण्यासारखं काही आल्याशिवाय बोलायचं नव्हतं. सीट बसवली आहे.

मी पोतं घेऊन बघितलं नाही. ताईंचं पत्र उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, रिकाम्या लिफ्टलासुद्धा आपण जास्तीची दोरी लावतो, तेव्हा कोणी कशापासून वाचवायचं असं विचारतं का? एवढंच बोलून ते चहा प्यायला गेले. मी खोका फोडला.

मला वाटलं, दहा माणसांची लिफ्ट टांगणाऱ्याला ही खुर्ची म्हणजे पोरखेळ. पण पहिल्या दिवशी ती माझ्या हातात आलीच नाही. पट्टा ओवला, गुडघा टेकवला, ताईंनी लिहिल्याप्रमाणे टिकटिक ऐकली, तरी हलवली की हलत होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, गाडीच्या सीटची डोकं टेकायची उशी तिला मागून ढकलत होती. ती उशी उपसून काढली तेव्हा पाठ पाठीला लागली. वरच्या पट्ट्यासाठी कडी सापडेना. ही गाडी जुनी, हिला कडीच नसेल असं समजून सोडणार होतो. मग डिकीतला गालिचा उचकटला तर खाली होती, कोणी कधी वापरलेली नाही, रंगसुद्धा तसाच. पट्टा अडकवून आवळला. आता पट्ट्यापाशी धरून मी आणि उस्तादांनी मिळून हिसका दिला तर गाडी हलते, सीट हलत नाही.

तिचे पाय फाकलेले राहणार म्हणून दोन फळ्या तशा बांधून सीटमध्ये ठेवून बघितल्या. पुढची सीट बरीच पुढे घ्यावी लागते. तुझे गुडघे समोर टेकतील. चालेल ना?

त्या फळ्या सीटमध्ये ठेवल्या, पट्टे लावले, आणि मग मी गाडीत बसून राहिलो. जिन्यात जे बोललो ते तुला उद्देशून नव्हतं. कोणाला उद्देशून होतं ते मला माहीत नाही.

तिला मी मांडीचं वचन दिलं आहे. ते कसं फिरवायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. एकट्याला जमणार नाही.

सांभाळून राहा. माझ्यावर माया असेल तेवढी असू दे, मी कमीजास्त बोलणार नाही.

तुझाच

•

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही घरी पोचलो. फोनवर तुला अर्धंच कळलं आणि तू घाबरलीस. आता सगळं लिहिते. माझ्या मानेला पट्टा आहे म्हणून अक्षर वाकडं आलं आहे.

निघताना व्यायामाच्या बाई खाली गाडीपर्यंत आल्या. त्यांनी पट्ट्यापाशी धरून सीट हलवून बघितली, कोणी बसवली विचारलं आणि मान डोलावली. भिंगरीच्या बाबाचा चेहरा बघायला हवा होतास. शाळेत त्याला कधी एवढे गुण पडले नसतील. मांडीचं त्याने तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती रुसली, मग तिने अट घातली की बाबाने तिचा हात घरापर्यंत सोडायचा नाही. एकदासुद्धा नाही.

अर्धी वाट छान गेली. ताई, किती दिवसांनी तिने आकाश बघितलं. रस्त्यावरच्या ट्रकांना नावं ठेवत होती, हा ढेरपोट्या, हा रडका. मी पुढे होते, मला मागे वळता येत नव्हतं, फक्त तिचा आवाज ऐकत होते. मला वाटलं, रस्ता असाच लांबत राहावा.

उतारावर एका वळणापलीकडे ट्रक बंद पडून रस्त्यात मधोमध उभा होता. दिवा नाही, दगड नाही, काही नाही. उस्तादांनी ब्रेक दाबला, चाकं खडीवरून घसरली आणि गाडी ट्रकच्या मागे जाऊन आदळली. आवाज कसा होता ते मला आठवत नाही. नंतरची शांतता आठवते. मला मान वळवता येईना. मी तिला हाक मारली आणि उत्तर यायला जो वेळ गेला, तशी वेळ शत्रूवरही येऊ नये. मग ती म्हणाली की माझी बाहुली खाली पडली, कोणीतरी द्या.

तिला खरचटलंसुद्धा नाही. प्लॅस्टरला तडा नाही. सीट होती तिथे होती. भिंगरीच्या बाबाचा पट्टा लावलेला होता, पण तिचा हात धरलेला त्याचा हात हिसक्याने पुढच्या सीटवर जाऊन आपटला आणि मनगट मोडलं.  उस्तादांना तो एकच सांगत होता, की मी जीव खाऊन धरला होता हो, तरी सुटला. पट्टा सुटला नाही.

लोक जमले, तिला उचलून काढा म्हणू लागले. त्याने कोणाला हात लावू दिला नाही. शेवटी पांढरी गाडीच आली, जवळच्या गावची, आणि तिने आम्हाला वरपर्यंत आणलं. पण भिंगरी रडली नाही. शेजारी बाबा झोपलेला, त्याचा हात बांधलेला, त्यामुळे रुग्ण तो आणि ही त्याची डॉक्टरीण. घर येईपर्यंत त्याला धीर देत होती.

आता ती खिडकीशी झोपली आहे. तो उशांच्या ढिगात तिला मांडीवर घेऊन बसला आहे, एका हाताने.

उस्तादांच्या छातीला मुका मार आहे, बाकी ठीक. भावोजींना सांग, पिठाचे पैसे आम्ही देणार नाही.

कळावे. तुझा लोभ या वेळी खरोखर अंगाला लागला.

तुझी,
धाकटी

•

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन राहून गेलीस. तुझ्या पोटाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि सारखी तिकडेच बघत होते, हे तुला कळलं असणार. तू इथे असताना जे तोंडातून निघालं नाही ते लिहिते. आता फोनवरही बोलता येईल, ऐकणारं कोणी नाही. पण फोन उचलवत नाही.

लोक म्हणतात की घरच्या माणसांत शांतपणे गेली. तू तसं म्हणाली नाहीस, बरं केलंस. सुरुवातीचे दिवस चांगले गेले. बाबाच्या झोळीतल्या हाताकडे बघून तिने बाहुलीचाही हात झोळीत बांधला. मग बाहुलीला रागवायची, की तुला सांगितलं होतं सोडू नकोस, का सोडलास? आणि त्याच्याकडे चोरून बघून हसायची. एका दुपारी तिने मला माझा कामावरचा चष्मा लावायला लावला आणि आपल्या तळहातावरच्या रेषा मला मोजायला लावल्या. त्यातली एक माझी, एक बाबाची, एक मावशीची, अशी वाटणी केली.

मग शेवटचा आठवडा. तो मी लिहिणार नाही. गावच्या डॉक्टरांकडे होतं ते औषध पुरलं नाही. ती आम्हाला ओळखत नव्हती, फक्त ओरडत होती. त्या आठवड्यात एका पहाटे माझ्या मनात आलं की त्या वळणावर सीट सुटली असती तर हे झालं नसतं. ट्रकांना नावं ठेवता ठेवता गेली असती. मी बसवायला लावली म्हणून हे तिच्या वाट्याला आलं. ताई, मी हे स्पष्ट शब्दांत मनात बोलले. त्याच वेळी मी तिच्याकडे बघत होते.

मी याला सांगितलं नाही. पण तिच्या नंतर चार दिवसांनी तो आपणहून म्हणाला की त्यालाही तेच वाटून गेलं होतं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे होतो. मग तो म्हणाला, तरी मी ती पुन्हा तशीच बसवीन. मी का विचारलं. तो म्हणाला, बाहुलीच्या हातासाठी. मला पटलं की नाही ते अजून सांगता येत नाही. कधी पटतं, कधी नाही.

मी परत कामावर जाते आहे. भिंगं घासताना बरं वाटतं, समोर एकच गोष्ट असते.

कळावे. मी असं काही लिहिलं म्हणून लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

•

१० जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर देण्याइतकी मी शहाणी नाही, म्हणून नुसतं जवळ ठेवलं. लोभ पातळ झालेला नाही. तुझ्या जागी मीही तेच बोलले असते आणि तुझ्यासारखं कबूल केलं नसतं.

दिवस भरत आले आहेत. पाय असे सुजलेत की भावोजींच्या चपला घालून प्रयोगशाळेत जाते. सगळे हसतात, मीही हसते.

आता जे विचारायचं आहे ते तीनदा लिहून फाडलं. तुझ्याकडे निळी सीट आहे. सासूबाई म्हणतात की ती वस्तू आता या घरात नको, नव्या बाळाला त्यात बसवू नये. खरं सांगायचं तर आधी माझ्याही मनात तेच आलं होतं. माझीच मला लाज वाटली. पण गेले काही दिवस मन उलटं फिरलं आहे. मला ती हवी आहे. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून नव्हे. ज्या सीटने भिंगरीला धरून ठेवलं, तिच्याहून भरवशाची सीट मला जगात कुठे मिळेल? माझं बाळ तिच्यात बसलं तर त्याला एक बहीण होती हे मला रोज आठवेल, आणि त्यालाही सांगता येईल. ती नवजात बाळालाही चालते, पुस्तकात तसं आहे.

तुला ती सोडवत नसेल तर तसं लिही, मी पुन्हा विषय काढणार नाही. सासूबाईंचं मी बघून घेईन.

कळावे. मागितलं म्हणून लोभाचं ओझं होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

•

२१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सीट देणार नाही. सोडवत नाही म्हणून नव्हे. सासूबाईंचं कारणही माझं नाही, त्यांना तसं सांग.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग सीट काढून पुसायला घेतली. पाठवायचीच होती. बांधण्याआधी काय वाटलं कोण जाणे, व्यायामाच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एकदा अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरायची नसते. वरून काही दिसत नाही, पण आतलं प्लास्टिक कुठे तडकलेलं असू शकतं, पट्टे ताणले गेलेले असतात. तिला एकदाच धरायचं असतं, ते तिने केलं. मी म्हटलं, पण तिला एक ओरखडासुद्धा नाही. त्या म्हणाल्या, तरीही नाही.

फोन ठेवून मी तिच्याकडे बघत बसले. तुला न सांगता पाठवली असती तर तुला कधी कळलंही नसतं. तू म्हणतेस की हिच्याहून भरवशाची सीट जगात नाही. ताई, आता जगातली कुठलीही सीट हिच्याहून बरी.

मग ठेवून द्यावी असा विचार केला. पण आम्हीही कधी ना कधी हे घर बदलू, वस्तू बाहेर जातील, कोणी गरजू आई चांगली सीट फुकट मिळाली म्हणून उचलून नेईल आणि आपलं मूल तिच्यात बसवेल. म्हणून काल पट्टे कापले. माझ्या कात्रीने ते कापले जाईनात, इतके चिवट. भिंगरीच्या बाबाने कामावरची पातळ करवत आणली. मी म्हटलं मी कापते, तू धर. त्याने बऱ्या झालेल्या हाताने पट्टा ताणून धरला. खांद्यावरचे दोन कापले, मग मधला. मधल्याच्या वेळी तो म्हणाला, थांब जरा. मी थांबले. मग म्हणाला, हं.

तुकडे आणि सीट वेगवेगळं टाकून आलो. काही ठेवलं नाही.

तुझ्या बाळाला बहीण होती हे त्याला मी सांगेन. त्यासाठी सीट लागत नाही, मावशी पुरे.

नवी सीट तुम्हीच घ्या, पण बसवू नका. शनिवारी आम्ही दोघं येतो आहोत. बाळ एवढं लहान असेल तर तोंड मागच्या बाजूला करून बसवावं लागतं, पट्टे त्याच्या खांद्यांच्या खालच्या फटीतून घ्यायचे असतात, आणि सीट किती कललेली हवी त्याचीही खूण असते. भावोजींनी पुस्तक मोठ्याने वाचायचं. गुडघा मी टेकवीन. ज्याचे खांदे अजून कोणी बघितले नाहीत त्याच्यासाठी पट्टे बसवताना मला काय होईल ते मला सांगता येत नाही. तू पुढच्या सीटवर बसून राहा. काहीही झालं तरी उतरून आत जाऊ नकोस, आणि मला थांबवूही नकोस.

कळावे. शनिवारी माझा हात पट्टा ओढताना ढिला पडला, तर वर तुझा हात ठेव, एवढा लोभ असावा.

तुझी,
धाकटी